हैदराबादचा उन्हाळा आणि घरादाराची सिद्धता

फाल्गुन सरत आला, म्हणजे हैदराबादच्या रस्त्यांच्या कडेला दोन प्रकारच्या गाड्या दिसू लागतात. एकीवर माठ, सुरया आणि रांजण रचलेले असतात. दुसरीवर वाळ्याचे भारे आणि कूलरच्या जाळ्यांत भरावयाचे गवत. घराला चुना लावण्याचाही हाच हंगाम. तेलुगू कुटुंबांत उगादीसाठी, मराठी कुटुंबांत गुढीपाडव्यासाठी आणि ख्रिस्ती कुटुंबांत ईस्टरसाठी घरे झाडून, धुऊन, रंगवून निघतात. रजया उन्हे दाखवून माळ्यावर जातात, सतरंज्या गुंडाळल्या जातात, जाड पडद्यांच्या जागी पातळ पडदे येतात. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना गारवा वाटतो. परंतु वैशाख लागला की याच घरात दुपारी बसवत नाही, आणि मग कूलर घ्यावा की वातानुकूलन यंत्र, याची चर्चा सुरू होते.

असे होण्याचे कारण सिद्धतेचा क्रम चुकतो, हे आहे. ऊन अडविणे हे पहिले काम, वारा खेळविणे हे दुसरे, आणि पाण्याने गारवा आणणे हे तिसरे. बहुतेक घरांत आरंभ तिसऱ्यापासून होतो आणि पहिले राहून जाते.

हा क्रम समजण्यासाठी येथील उन्हाळ्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर, काळ्या-तांबूस खडकांच्या पठारावर वसलेले आहे. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. २ जून १९६६ रोजी येथे ४५.५ अंशांची नोंद झाली होती. रोहिणी कार्तीत उखळेसुद्धा तडकतात, असे तेलुगू शेतकरी म्हणतो. हे ऊन कडक असले, तरी कोरडे असते. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतील आर्द्रता पुष्कळदा शेकडा २५-३० पर्यंत उतरते, आणि सूर्य मावळल्यावर दोन-तीन तासांत वाऱ्याची झुळूक सुटते. मुंबईचे किंवा कोकणाचे तसे नाही. तेथे पारा ३४ अंशांवर थांबतो, परंतु हवा ओली असते आणि रात्रीही सुटका होत नाही. म्हणून मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेला उपाय हैदराबादेत उपयोगी पडेलच असे नाही. नागपूर, नांदेड, सोलापूर येथील वाचकांना मात्र पुढील विवेचन आपल्याच गावाचे वाटावयास हरकत नाही.

कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते, आणि वाफ होताना पाणी आजूबाजूची उष्णता शोषून घेते. माठातील पाणी गार होते ते याच नियमाने. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ कोनाड्यात कोंडून ठेवू नये. सावलीत, पण वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा. नवा माठ एक रात्र पाण्यात बुडवून मग वापरास काढावा. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजतात आणि तो गार करीनासा होतो. तेव्हा तो फुलझाडांना द्यावा. तेथे त्याचा उपयोग कसा होतो, ते पुढे येईलच.

हिशेबाने पाहू गेले, तर एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते, तेवढ्यात सुमारे २०० घनमीटर हवा १० अंशांनी गार होऊ शकते. मध्यम आकाराच्या चार खोल्यांत मावेल एवढी ही हवा! हवा ४० अंशांवर असून आर्द्रता शेकडा २५ असेल, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या उष्णतामापकाचा पारा २४ अंशांच्या आसपास उतरतो. चांगला कूलर या दोन आकड्यांमधील बरेचसे अंतर कापतो आणि २७-२८ अंशांचा वारा देतो. मुंबईत ३४ अंश आणि शेकडा ६५ आर्द्रता असताना तोच कूलर २९-३० अंशांच्या खाली जात नाही. शिवाय खोली दमट करून ठेवतो, ती वेगळीच. वाळ्याचा पडदा, कूलर, झाडाचे पान आणि माणसाचा घाम या सर्वांचे काम याच एका नियमाने चालते. हवा कोरडी पाहिजे आणि ती हलती पाहिजे, एवढ्याच त्याच्या अटी आहेत.

परंतु छपरातून दिवसभर उष्णता आत उतरत असेल, तर हे सगळे पाणी फुटक्या रांजणात भरल्यासारखे होते. हैदराबादेतील बहुतेक घरांना सपाट गच्ची आहे. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा भिंतींपेक्षा गच्चीवरच अधिक ऊन पडते. मळकट, करडी झालेली काँक्रीटची गच्ची त्यातील बहुतांश उष्णता पिऊन टाकते आणि रात्री उशिरापर्यंत खालच्या खोलीत ती ओतीत राहते. पुष्कळ गृहस्थ पाडव्याला दिवाणखान्याच्या भिंतींना महागडा रंग देतात आणि गच्चीकडे पाहतही नाहीत. पैसा थोडाच असेल, तर तो आधी गच्चीवर खर्च करावा. नवा पांढरा चुना निम्म्याहून पुष्कळ अधिक ऊन परत आकाशात पाठवितो.

त्याची रीत अवघड नाही. गच्ची झाडून, धुऊन, शेवाळ खरवडून काढावे. कळीचा चुना पिंपात रात्रभर विरवत ठेवावा. विरताना तो उकळतो आणि उडतो. म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावे. सकाळी तो फडक्यातून गाळून घ्यावा, त्यात थोडा डिंक किंवा खळ मिसळावी, म्हणजे तो हाताला पुसून येत नाही. गच्ची किंचित ओली करून उन्हे चढण्यापूर्वी पातळ हात द्यावा. असे दोन-तीन हात पुरतात. पावसाळ्यात हा चुना बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी नवा लावावा लागतो. टिकाऊ पांढरे रंग आणि पांढऱ्या फरशीचे तुकडेही मिळतात. ऐपत असेल त्याने ते बसवावेत.

या साध्या गोष्टीला आता शासनाचीही मान्यता मिळाली आहे. २०१७ साली हैदराबादेतील गरीब वस्तीतल्या २५ घरांच्या छपरांवर पांढरे आच्छादन घालून पाहिले, तेव्हा तशाच आच्छादनाशिवायच्या घरांपेक्षा आतील हवा सरासरी २ अंशांनी थंड राहिली. दोन अंश म्हणजे काही फार नव्हे, असे पक्क्या घरात राहणाऱ्यास वाटेल. पत्र्याखाली तान्ह्या मुलाला निजविणाऱ्या आईला तसे वाटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये तेलंगण सरकारने शीत छपरांचे धोरण जाहीर केले. त्यात सरकारी व व्यापारी इमारतींना, तसेच ६०० चौरस यार्ड वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींना अशी छपरे बंधनकारक ठरविली आहेत. त्याहून लहान घरांच्या बाबतीत ती ऐच्छिक आहेत. लहान घरावर सक्ती करणे योग्य झाले नसते, हे खरे; परंतु सर्वांत अधिक भाजते तेही तेच घर, हेही तितकेच खरे. सिमेंटच्या किंवा लोखंडाच्या पत्र्याखाली राहणाऱ्यांनी पत्र्याला वरून पांढरा हात द्यावा आणि आतून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा जाड कापडाचे दुसरे छत वीतभर अंतर सोडून बांधावे. पत्रा आणि छत यांच्यामधून हवा वाहावयास वाट राहिली पाहिजे.

खिडक्यांविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ऊन काचेच्या बाहेर अडवावे. आत आलेले ऊन पडद्याने अडत नाही, ते पडद्याला तापविते आणि पडदा खोलीला तापवितो. पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूची चीक, तट्टी किंवा नुसते जुने धोतर दुपारी सोडले, तरी आतल्या भारी पडद्यापेक्षा अधिक काम होते. सकाळी आठ-नऊ वाजता खिडक्या मिटाव्यात आणि बाहेरची हवा आतल्याहून गार झाली की सताड उघडाव्यात. जुन्या हैदराबादी देवड्यांत आणि सुलतान बाजार, गवळीगुडा, काचीगुडा या भागांतील जुन्या मराठी घरांत ही व्यवस्था बांधकामातच होती. जाड भिंती दिवसाची उष्णता रात्रीपर्यंत पेलून धरीत, मधला चौक रात्रीचा गारवा साठवी आणि उंच छताखालच्या रोशनदानांतून गरम हवा बाहेर पडे. चौमहल्ला राजवाड्यात दरबारी महालासमोर विस्तीर्ण हौद आहे तो केवळ शोभेसाठी नव्हे. आजच्या सदनिकांत रोशनदान राहिलेले नाही. परंतु समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्री उघड्या ठेवणे आणि शहाबादी किंवा तांडूरची फरशी संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घेणे एवढे कोणासही शक्य आहे.

आता वाळा आणि कूलर. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारा सुगंधी वारा जुन्या पिढीच्या आठवणीत घर करून आहे. पण त्याला तासातासाला पाणी शिंपडावे लागते आणि बाहेर वारा नसेल तर तो पडदा नुसता ओला राहतो. कूलरमध्ये तोच पडदा आहे, फक्त वाऱ्याची आणि पाण्याची जबाबदारी पंखा आणि पंप यांनी घेतलेली असते. एवढे असूनही शेकडो घरांत कूलर खोलीच्या मधोमध, दारे-खिडक्या बंद करून चालविलेला दिसतो. अर्ध्या तासात खोलीतील हवा दमट होते, गारवा थांबतो आणि अंग चिकचिकते. मग दोष कूलरला दिला जातो. कूलर खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर करून बसवावा आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी. बाहेरून कोरडी हवा आली पाहिजे आणि आतली ओली हवा गेली पाहिजे. गवत दरवर्षी नवे घालावे. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्णपणे काढून टाकी घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. वातानुकूलन यंत्राची निंदा करण्याचे कारण नाही. आजाऱ्याच्या खोलीत ते वरदान आहे. मात्र ते उष्णता नाहीशी करीत नाही, ती उचलून गल्लीत टाकते, आणि गल्लीत शेजाऱ्याची खिडकी असते.

मोठा कूलर तासाला सहा-आठ लिटर पाणी सहज पितो. हे पाणी येते कोठून? २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने धरणांची योजना झाली. १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. उस्मानसागरालाच गंडिपेटचा तलाव म्हणतात, आणि गंडिपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडीत नाही, अशी येथील म्हण आहे. शहर वाढले तसे ते पाणी अपुरे पडू लागले. १९६५ साली मांजरेचे पाणी आले, २००४ साली नागार्जुनसागरातून कृष्णेचे आणि २०१५ साली गोदावरीचे. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरी, गोदावरी त्र्यंबकेश्वरी. हैदराबादेतील कूलरच्या टाकीत पडणारे पाणी असे बहुधा महाराष्ट्राच्या डोंगरांतून निघालेले असते, आणि वाटेत ज्या गावांच्या उशाशी ते वाहते, त्यांतील कित्येकांना चैत्रातच टँकरची वाट पाहावी लागते. छपराला चुना लावल्याने कूलर दोन तास कमी चालला, तर तेवढे पाणी वाचते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालावे आणि कूलरच्या टाकीतून काढलेले पाणी अंगण शिंपडावयास वापरावे.

झाडांचा विषय निघाला की या शहराच्या नावाचा वाद आठवतो. १५९१ साली वसलेल्या या नगराला मराठी कागदपत्रांत भागानगर म्हटलेले आढळते. कोणी ते भागमतीवरून आले असे सांगतात. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने मात्र त्याचा संबंध बागेशी जोडला. कोणाचेही खरे असो, येथील लाल मुरमाड जमिनीत बाग राखणे सोपे नाही. पाणी घातले की ते भराभर खाली उतरून जाते.

म्हणून उन्हाळ्यात बाग वाढविण्याचा नव्हे, तर टिकविण्याचा विचार करावा. हिरवळीचा सोस सोडून द्यावा; तिच्याएवढी तहान दुसऱ्या कशाला नसते. झाडांच्या आळ्यांत वाळका पाला, गवत किंवा उसाचे चिपाड दोन-तीन इंच जाडीने पसरावे, म्हणजे माती झाकली जाते आणि ओल टिकते. पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर घालावे. दुपारी घातलेल्या पाण्याच्या थेंबांनी पाने जळतात, अशी समजूत आहे. तिच्यात फारसे तथ्य नाही. दुपारचे पाणी मुळाशी पोहोचण्यापूर्वीच बरेचसे उडून जाते, हे खरे कारण. भर दुपारी माना टाकलेले रोप तहानलेलेच असते असेही नाही. संध्याकाळी ते सावरले नाही आणि बोटभर खोल माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. कुंड्या एकमेकींना लागून, मोठ्यांच्या सावलीत लहान अशा ठेवाव्यात. बाद झालेला माठ येथे उपयोगी पडतो. बुजलेली छिद्रे वाळूने बाहेरून घासून थोडी मोकळी करावीत, माठ मानेपर्यंत झाडाशेजारी पुरावा, पाण्याने भरावा आणि वर झाकण ठेवावे. लागेल तसे पाणी तो मुळांना झिरपवीत राहतो. परगावी गेलेल्या कुटुंबाची झाडे अशा माठांवर काही दिवस तग धरतात.

सगळे कोमेजत असताना मोगरा मात्र फुलत असतो. जानेवारीत छाटलेल्या मोगऱ्याला मार्चपासून नवे धुमारे येतात आणि त्यांवरच कळ्या धरतात. एक बहर ओसरला की शेंडे खुडावेत, म्हणजे दुसरा येतो. त्याला उघडे ऊन आणि नियमित पाणी हवे. पश्चिमेकडे कडुनिंबासाठी खड्डाही याच दिवसांत खणून ठेवावा. रोप आता लावू नये, खड्डा मात्र उन्हाने चांगला तापू द्यावा.

घर आणि बाग यांच्यापेक्षाही शरीराकडे अधिक लक्ष हवे, कारण कोरड्या हवेत एक फसवणूक आहे. मुंबईत घाम ओघळतो म्हणून तो दिसतो. हैदराबादेत तो कातडीवर येताच उडून जातो. आपल्याला घाम येतच नाही, असे माणूस समजतो आणि पाणी पीत नाही. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात, ते गेलेल्या पाण्याची साक्ष देतात. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताक, कैरीचे पन्हे, नाचणीची आंबील, सब्जा घातलेले सरबत, ताडगोळे, कलिंगड ही येथील उन्हाळ्याची पेये आणि फळे होत. ताकात व पन्ह्यात मीठ असते, हा त्यांचा मोठा गुण. इराणी चहा हैदराबादकर वैशाखातही सोडणार नाही. त्याने तो सोडू नये, पण जोडीला पाण्याचा पेला घ्यावा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही, ही समजूत मराठी आणि तेलुगू दोन्ही घरांत आहे. तो कांदा ताकाबरोबर खावा, हे बरे. कपडे सुती, सैल व फिकट असावेत आणि डोक्यावर ओला पंचा असावा.

मार्चच्या मध्यापासून तेलंगणातील शाळा सकाळच्या होतात. मुलांचा अभ्यास गारव्यात होतो हे खरे. परंतु शाळा सुटते ती साडेबाराच्या सुमारास, आणि मुले घरी चालत येतात ती नेमक्या नको त्या वेळी. छत्री, टोपी आणि भरलेली बाटली यांची व्यवस्था करणे पालकांच्या हाती आहे.

मे २०१५ मधील उष्णतेच्या लाटेत देशात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आंध्र प्रदेश व तेलंगणातील होती. अशा लाटांत बांधकामावरील, शेतातील व रस्त्यावरील मजूर आणि वृद्ध माणसेच प्रथम बळी पडतात. उष्माघाताची खूण अशी : अंग चटका बसावा इतके तापते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो किंवा शुद्ध हरपतो. तेव्हा डॉक्टर येईपर्यंत थांबू नये. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतावे आणि जोराने वारा घालावा. तोच नियम, माठाचा आणि वाळ्याचा, येथे प्राण वाचवितो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याच वेळी १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. ही रुग्णवाहिकेची सेवा २००५ साली प्रथम हैदराबादेतच सुरू झाली. नुसता थकवा किंवा गोळे आले असतील, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट द्यावे. चमचा चहाचाच घ्यावा.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग लागतो. हैदराबाद वसविणाऱ्या महंमद कुली कुत्बशाहाने या मृगाच्या आगमनावर दखनी भाषेत कविता केल्या आहेत, यावरून येथे त्याची वाट किती पाहिली जाते ते कळते. पहिल्या दोन-चार सरींनंतर हवा ओली होते आणि कूलर एकाएकी निरुपयोगी ठरतो. त्याच दिवशी टाकी रिकामी करून उन्हात उपडी घालावी, गवत काढून टाकावे आणि खणून ठेवलेल्या खड्ड्यात कडुनिंबाचे रोप लावावे.